बंद दार

शंभर पाठवले, त्र्याण्णव परत आले.
सात कुठे गेले ते यंत्र सांगत नाही.
एवढंच सांगतं, की वाट पाहून झाली.

दान्यालचा फोन पहिला.
लेक आल्बोर्गला, रोज रात्री नऊला बोलते.
"काल म्हणाली, बाबा, मी ठरवलंय की मी...
आणि पुढचं गेलं.
पुन्हा विचारलं, तर म्हणाली, जाऊ दे."
चाळीस वर्षं बोटीवर काढलेला माणूस,
तक्रार करताना याचा आवाज चढत नाही,
उतरतो.

तोरशाव्नचं ऑफिस म्हणालं, समुद्राखालची केबल असणार.
फेरो बेटांवर काहीही बिघडलं
की पहिला आळ समुद्रावर.
केबल तपासली. समुद्र निर्दोष.
मग मी निघाले, क्वाल्बाच्या वरच्या अंगाला,
जिथं एक पत्र्याची खोली डोंगराला पाठ टेकून उभी आहे
आणि तिला पाठ टेकून मेंढ्या.

दार उघडलं तर वारा माझ्याआधी आत.
लॅपटॉप जोडला.
शंभर पाठवले, शंभर आले.
हजार पाठवले. हजार.
डॉक्टर उंबऱ्यात आला की दुखणं पळतं, तशातली गत.
तरी आलेच आहे तर, म्हणून पोर्ट बदलला,
फायबरची टोकं पुसली, मॉड्यूल उपसून
त्याच्या सोनेरी दातांवरचं मीठ खोडरबरानं घासलं.
इथं मीठ कुठंही बसतं, भुवयांवरसुद्धा.
वहीत लिहिलं : दुरुस्त, ११.४०.
गाडी बोगद्याशी पोचली नाही तोच
दान्याल.

असं चार वेळा.
वहीत चार वेळा दुरुस्त, एकाखाली एक,
माझ्याच अक्षरात मला वेडावत.
हेइन म्हणाला, नवा राउटर मागव, शुक्रवारच्या बोटीनं येईल.
पण पाणी कुठे मुरतंय ते कळल्याशिवाय
नवं भांडं आणून काय करायचं?

पाचव्यांदा आत गेले
आणि दार लावून घेतलं.

दिवा नाही. कोट अंगावर. थर्मासमधली कॉफी.
अर्धा तास काही नाही.
मग कानांना अंधाराची सवय झाली
आणि जे ऐकू यायला हवं होतं ते येईना :
पंखे दोन, गुणगुण एकाचीच.
पडद्यावर मात्र दोघांपुढेही हिरवा ठिपका,
हजेरीला कुणी दुसऱ्यानंच "हजर" म्हणावं तसा.
अठ्ठावन्न अंश. चौसष्ट. एकाहत्तर.
आणि एक गेला.
मग दोन.
चुकांचा आकडा चढू लागला
आणि मला आनंद झाला, लाज वाटावी इतका.

दार उघडलं : वारा, शंभरात शंभर.
लावलं : थांबले : गेले तीन.
म्हणजे दर वेळी येऊन मीच बरं करत होते त्याला,
आणि बरं करून
पाठ फिरवत होते.

पंखा सोडवला. आसाभोवती लोकर,
करडी, तेलकट, घट्ट पिळलेली,
जशी कुणी मोज्यासाठी कातायला घेतली होती.
झरोक्यातून ऊब येते, म्हणून मेंढ्या तिथं अंग घासतात.
त्यांना हिशेब विचारायचा तर कोणत्या भाषेत?
दोन मिनिटं चिमटा, एक नवी जाळी.
वहीत दुरुस्त नाही लिहिलं.
लिहिलं : मेंढी.

त्या रात्री नऊला आलेख सरळ होता,
भरतीआधीच्या पाण्यासारखा.
कोण काय बोलतं ते मला दिसत नाही,
पोचलं की नाही, एवढंच दिसतं.
आणि परवाचं ते वाक्य, गेलेलं,
ते काही राउटर जपून ठेवत नाही.

शनिवारी दान्याल धक्क्यावर भेटला.
विचारलं, सांगितलं का तिनं, काय ठरवलंय ते?
त्यानं दोर गुंडाळणं थांबवलं नाही.
"नाही," म्हणाला.
"पण आता ती गप्प बसते,
ते तरी नीट ऐकू येतं."